ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ (१९६८) : खोलायला सुरुवात करताना आधी बॉडी उचलावी की आधी सिल बदलावेत?

मिडलँडकर (कोव्हेंट्री)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात मी १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ विकत घेतली. १९९३ पासून ती एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि आता माझ्या छोट्या गॅरेजमध्ये आली आहे. मी अकरा वर्षे कोव्हेंट्रीत राहतो आणि ही गाडी जिथे तयार झाली, तो कॅनलीचा कारखाना माझ्या घरापासून चार मैलांवर होता. आज तिथे कारखान्याच्या फारशा खुणा उरलेल्या नाहीत, तरीही ही गाडी मी दुसऱ्या कोणत्याही गावातून आणली असती तरी ती घरी परत आल्यासारखेच मला वाटले असते.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. स्पिटफायर ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटले आणि खालची चासी ट्रायम्फ हेराल्डच्या चासीवरून, चाकांमधले अंतर ९१.५ इंचांवरून ८३ इंचांवर आणून, बेतली गेली. माझी गाडी तिसऱ्या पिढीतली आहे. या पिढीचे उत्पादन १९६७ ते १९७० या काळात झाले, एकूण ६५,३२० गाड्या निघाल्या आणि त्यांना १२९६ सीसीचे, दोन एस्‌यू कार्बुरेटरांचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन होते. कमिशन नंबराची, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या क्रमांकाची, पाटी शाबूत असून नंबर एफ्‌डी या अक्षरांनीच सुरू होतो, म्हणजे कागद आणि गाडी यांचा मेळ बसतो.

आता अवस्था सांगतो. पुढच्या दोन्ही पावठणांच्या, म्हणजे पाय ठेवायच्या तळपत्र्यांच्या, कोपऱ्यांत जमीन दिसते. डाव्या दाराखालच्या सिलवर, म्हणजे दाराच्या उंबऱ्यासारख्या पत्र्याच्या लांब पेटीवर, लोहचुंबक फिरवला तेव्हा जवळजवळ दीड फूट लांबीत तो कुठेच चिकटला नाही. तिथे पत्रा नसून केवळ पुट्टी आहे. बोटाने टोकरल्यावर आतून फायबरग्लासचे कापड आणि वर्तमानपत्राचा बोळा निघाला. हे काम पूर्वी कोणी केले याची नोंद नाही, आणि ते शोधून आता उपयोगही नाही. बूटचे (डिकीचे) कोपरे आणि बॅटरीखालचा ट्रे हेही गेलेले आहेत. इंजिन मात्र हाताने फिरते.

माझा बेत असा आहे की पहिल्या दोन शनिवार-रविवारांत सगळे खोलावे, बॉडी चासीवरून उचलून बाजूला ठेवावी, चासी वाळूच्या माऱ्याने साफ करून रंगवावी आणि मग निवांतपणे बॉडीच्या पत्र्याकडे वळावे. हा क्रम योग्य आहे का? ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांचे मत हवे आहे.

---

जुनी हेराल्ड (पुणे)

मिडलँडकर, मनःपूर्वक अभिनंदन. तुमचा धागा वाचून माझ्या वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड डोळ्यांसमोर उभी राहिली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ पासून हेराल्ड बनवली आणि पुढे चार दारांची हेराल्ड काढली ती फक्त भारतातच निघाली. तुमच्या इंजिनाचे मूळ घराणे तेच आहे. आमच्या गाडीत ९४८ सीसीचे इंजिन होते, तुमचे १२९६ सीसीचे आहे, परंतु दोघांचा वंश १९५३ च्या स्टँडर्ड एटच्या ८०३ सीसीच्या इंजिनापासून सुरू होतो. मडगार्डांसकट पुढे उघडणारे अख्खे बॉनेट, मागच्या चाकांमध्ये आडवी टाकलेली पट्ट्यांची स्प्रिंग आणि चिमुकल्या वर्तुळात वळणारे स्टिअरिंग या तिन्ही गोष्टी तुम्हाला वारशाने मिळाल्या आहेत.

मी स्वतः १९८४ मध्ये एका मिस्त्रींच्या हाताखाली आमची हेराल्ड पूर्ण खोलली होती. आम्ही बॉडी आधीच उचलली आणि काही अडचण आली नाही. हेराल्डची बॉडी मुळातच तुकड्यांची असते, पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, छप्पर वेगळे, आणि सगळे नट-बोल्टांनी जोडलेले. चौघांनी मिळून एक-एक भाग उचलला की खाली स्वच्छ चासी दिसते आणि मग पाठ न मोडता काम करता येते. तेव्हा माझे मत असे की तुमचा बेत बरोबर आहे, बॉडी आधी उचलावी.

---

तांबट (बर्मिंगहॅम)

मिडलँडकर, कृपया पाना खाली ठेवा आणि हे पूर्ण वाचून मगच पुढे जा. मी एकवीस वर्षे पत्र्याचे काम करतो आहे आणि त्यात नऊ स्पिटफायर माझ्या हाताखालून गेल्या आहेत. तुम्ही लिहिलेल्या क्रमाने गेलात तर गाडीची दारे पुन्हा कधीही नीट लागणार नाहीत.

पुण्याच्या हेराल्डवाल्या काकांचा अनुभव खरा आहे, परंतु तो हेराल्डचा आहे. हेराल्डची चासी बाजूंना पसरलेली असते. मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना लोखंडी हात निघतात, त्यांच्या टोकांना लांब पट्ट्या असतात आणि बॉडी त्यांच्यावर बसलेली असते. बॉडीचे तुकडे का आहेत याचेही कारण आहे. १९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही पत्र्याची बॉडी बनवणारी कंपनी प्रतिस्पर्धी गाडी-उत्पादक बीएम्‌सीने विकत घेतली, स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्खी बॉडी दाबून देणारा कोणी उरला नाही, आणि म्हणून हेराल्ड तुकड्यांत रचली गेली. परदेशात सुटे भाग पाठवून जोडणी करायला तीच रचना पुढे सोयीची ठरली.

स्पिटफायर रचताना मात्र चासीचे ते बाजूचे हात काढून टाकले. उरला तो मधला अरुंद कणा. बाजूंची ताकद कुठून आणायची, तर सिलमधून. म्हणून स्पिटफायरचा मधला भाग हा एकसंध वेल्ड केलेला टब आहे आणि त्याचे सिल बाहेरचा पत्रा, मधला जोरपत्रा आणि आतला पत्रा असे तीन थरांचे असतात. हे सिल शोभेचे नसून तुळया आहेत. शिवाय मागच्या निलंबनाचे (सस्पेन्शनचे) रेडियस आर्म चासीला न लागता सीटांमागच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीलाच लागतात. मागचे चाक पुढे-मागे सरकू नये यासाठीचा सगळा ताण त्या पत्र्यातून सिलमध्ये उतरतो. स्पिटफायरला चासी आहे हे खरे असले, तरी चासी आणि टब या दोघांनी मिळून ती गाडी उभी असते. एक काढला की दुसरा अर्धा राहतो.

आता तुमच्या गाडीच्या डाव्या सिलमध्ये दीड फूट पुट्टी आहे. असा टब चासीवरून सोडवून चौघांनी चार कोपऱ्यांना धरला की तो मध्ये लवतो. दारापुढचा खांब आणि दारामागचा खांब वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकतात. तो वाक डोळ्यांना दिसत नाही, फार तर पाच-सहा मिलिमीटर असतो. मग तुम्ही त्या वाकलेल्या टबाला नवे कोरे सिल वेल्ड करता, वाक कायमचा पक्का होतो, आणि दोन वर्षांनी, रंग झाल्यावर, दार लावताना कळते की ते मागच्या वरच्या कोपऱ्यात घासते आहे. असा टब माझ्याकडे तीन वेळा आला आहे आणि तिन्ही वेळा नवे सिल कापून काढावे लागले.

योग्य क्रम असा. बॉडी चासीवर बोल्टने घट्ट राहू द्यावी. गाडी सपाट जमिनीवर असावी; घोड्यांवर, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडांवर, ठेवायची झाली तर घोड्या चासीच्या मध्याखाली न लावता पुढच्या आणि मागच्या निलंबनाजवळ लावाव्यात, म्हणजे चाकांवर उभी असताना भार जसा येतो तसाच येईल. दारे बिजागऱ्यांवर तशीच लटकलेली असावीत, कारण जगातला सर्वांत उत्तम साचा म्हणजे त्या गाडीचे स्वतःचे दार. पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आधार असा जोडावा की तो थोडा आतल्या बाजूला राहील आणि दार उघडता-लावता येईल. मग एका वेळी एकच बाजू. डावी बाजू पूर्ण होऊन दाराची फट पुन्हा मोजून झाल्याशिवाय उजव्या बाजूला छिन्नीसुद्धा लावायची नाही. दोन्ही सिल आणि पावठण पक्के झाल्यावर टब खुशाल उचला. तेव्हा तो तुम्हाला दोन घोड्यांवर महिनाभर ठेवला तरी हलणार नाही.

खोलण्याआधीच्या मापांबद्दल एक आग्रह आहे. दाराच्या भोवतीची फट आठ ठिकाणी मोजा, दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, आणि हे आकडे वहीत लिहून इथेही टाका.

---

जुनी हेराल्ड (पुणे)

तांबटदादा, तुम्ही डोळे उघडलेत. हेराल्डच्या चासीचे ते बाजूचे हात मी स्वतः वायर ब्रशने घासून रंगवले आहेत, तरीही स्पिटफायरमध्ये ते नसतात हे मला ठाऊक नव्हते. बॉडी आधी उचलण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. मिडलँडकर, तांबटदादा सांगतात तसेच करा.

एका बाबतीत मात्र माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल. आमची हेराल्ड खोलल्यावर काम पैशांअभावी चौदा महिने थांबले, आणि ते पुन्हा सुरू झाले तेव्हा कोणता बोल्ट कुठला हे कोणालाच आठवत नव्हते. मिस्त्रींनी सगळे बोल्ट एका डब्यात रॉकेलमध्ये भिजत घातले होते. जुळणीला लागलेल्या वेळातला अर्धा वेळ त्या डब्यासमोर बसून गेला. तेव्हा प्रत्येक भागाची वेगळी पिशवी करा, पिशवीवर नाव लिहिण्याबरोबर आतही पेन्सिलने लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी टाका, कारण तेलाचा हात लागला की मार्करची शाई पुसते आणि पेन्सिल पुसत नाही. जो बोल्ट जिथून निघाला तिथेच शक्य असेल तर दोन आटे फिरवून परत लावून ठेवा. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबराच्या आणि धातूच्या चकत्या असतात, त्या प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या जाडीच्या असू शकतात. त्या चकत्या म्हणजे कारखान्यातल्या माणसाने त्या एका टबासाठी बसवलेले माप आहे, म्हणून त्या कोणत्या जागी किती होत्या याचे चित्र काढून ठेवा. मोबाइलवर फोटो काढाच, परंतु हाताने काढलेल्या चित्रात आपण जे पाहतो ते फोटोत पाहत नाही.

---

शलाका (लेस्टर)

मिडलँडकर, वायरिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझी एम्‌जी मिजेट पूर्ण झाली आहे आणि तिचा संपूर्ण वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) मी स्वतः बसवला.

ल्युकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगचे रंग म्हणजे एक भाषाच आहे आणि ती एका संध्याकाळी शिकता येते. तपकिरी वायर बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय आलेली असते. पांढरी इग्निशनची किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून येते आणि सतत जिवंत असते. लाल छोट्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची (अर्थिंगची). हिरव्यावर लाल रेघ असेल तर डावा इंडिकेटर, पांढरी रेघ असेल तर उजवा. एवढे पाठ झाले की डॅशबोर्डच्या मागचा गुंता वाचता येतो. पन्नास वर्षांत तपकिरी रंग आणि लाल रंग सारखेच दिसू लागतात, म्हणून वायरच्या टोकाशी इन्सुलेशन थोडे पुसून खात्री करून घ्या.

हार्नेस कापून काढू नका, जरी तुम्ही नवा घेणार असलात तरी. जुना हार्नेस अखंड निघाला तर तो जमिनीवर पसरून नव्याशी ताडून पाहता येतो. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. बॉनेट काढताना पुढच्या दिव्यांच्या वायरी बुलेट कनेक्टरांतून सुटतात. ते गंजून अडकलेले असतील तर वायर ओढू नका, कनेक्टरची रबरी नळी गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करा.

खोलायला लागण्याआधी पहिल्याच दिवशी बॅटरीची अर्थची तार काढा, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोलची टाकी. ती सीटांच्या मागे, बूटच्या पुढे असते आणि वेल्डिंगची ठिणगी तिथवर सहज पोहोचते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. ती गॅरेजमध्ये न ठेवता बाहेर ठेवा.

---

मिडलँडकर (कोव्हेंट्री)

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः तांबटदादांचे, कारण शनिवारी मी एक मित्र आणि दोन शेजारी यांना बॉडी उचलायला बोलावलेच होते. ते आले, पण आम्ही बॉडीऐवजी बॉनेट उचलले. बिजागऱ्यांचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्याभोवती पातळ खिळ्याने रेघा ओढल्या, म्हणजे परत बसवताना मूळ जागा सापडेल. बॉनेट आता भिंतीशी, जुन्या गादीवर, उभे ठेवले आहे. ते बाजूला झाल्यावर गाडीचा पुढचा भाग इतका मोकळा होतो की पुढच्या चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. ही सोय रेखाटणाऱ्याच्या मनात होती की अनायासे झाली हे माहीत नाही, परंतु ज्याने कुठल्याही आधुनिक गाडीच्या बॉनेटखाली हात घातला आहे त्याला तिची किंमत कळेल.

मापे घेतली. उजव्या दाराची फट वर मागच्या कोपऱ्यात ४ मिलिमीटर, खाली मागच्या कोपऱ्यात ५. डाव्या दाराची वर १ मिलिमीटर, खाली ८. डाव्या चौकटीचा पुढच्या खालच्या कोपऱ्यातून मागच्या वरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण उजव्यापेक्षा ६ मिलिमीटर कमी भरला. तीन वेळा मोजून तोच आकडा आला.

हत्यारांबद्दल एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. माझी मिलिमीटरच्या पान्यांची पेटी इथे बिनकामाची ठरली. बहुतेक नटांना ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे पाने लागतात. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे त्यानेच जातात. मी एक नट तसा घालवला आणि मग इंची पान्यांचा संच आणला.

गाडीची कागदपत्रेही मार्गी लावली. रस्त्यावर नसल्याची सॉर्न नोंदणी झाली आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे हेरिटेज प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे, म्हणजे ही गाडी कारखान्यातून केव्हा, कोणत्या रंगात आणि कोणत्या इंजिन नंबरासह बाहेर पडली ते कळेल. आज ती लाल आहे, परंतु डॅशबोर्डच्या मागे फिकट पिवळसर रंग दिसतो.

---

तांबट (बर्मिंगहॅम)

तुमचे आकडेच बोलत आहेत. वर १ आणि खाली ८, म्हणजे डावी बाजू आधीच लवली आहे. आधार आत्ता जोडू नका, नाहीतर लवलेलाच आकार पक्का होईल. आधी डाव्या सिलच्या मध्याखाली, आतल्या पत्र्याला जिथे अजून जीव आहे तिथे, रुंद लाकडी ठोकळा ठेवून जॅकने अगदी सावकाश दाब द्या, आणि दाराच्या वरच्या फटीकडे पाहत राहा. ती ४ वर आली की थांबा. अर्धा तास तसेच ठेवा, पुन्हा मोजा, आणि मग आधार जोडा. जॅक एकदम वर नेलात तर कुजलेला पत्रा चुरगळेल आणि खांब जागचा हलणार नाही.

त्याआधी दाराच्या बिजागऱ्या झिजल्या आहेत का ते पाहा. उघड्या दाराचे टोक धरून वर उचला. बिजागरीच्या पिनेत खेळ असेल तर तुमच्या फटींपैकी एखाद-दुसरा मिलिमीटर तिथला असतो, आणि तो जॅकने सरळ करायला जाल तर टब उलट्या दिशेला वाकेल.

---

नवशिका (नागपूर)

मी इथे नवीन आहे, प्रश्न चुकीचा असल्यास क्षमा करावी. इंजिन काढायचेच असेल तर त्याच कुटुंबातले नंतरचे १४९३ सीसीचे इंजिन बसवणे अधिक फायद्याचे नाही का? आणि आता मिळणारे नवे सुटे भाग इतके असताना जुने भाग जपण्यात वेळ का घालवावा?

---

मिडलँडकर (कोव्हेंट्री)

नवशिका, प्रश्न अगदी योग्य आहे आणि मीही त्यावर बराच विचार केला आहे.

१४९३ सीसीचे इंजिन बसते, आणि ते त्याच मूळ इंजिनाचा मोठा अवतार असल्यामुळे इथल्या नियमांनुसार तो मोठा बदलही धरला जात नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ता कर आणि वार्षिक एम्‌ओटी तपासणी यांतून सूट मिळते आणि तपासणीची सूट मोठे बदल केल्यास जाते. तरीही मी १२९६ सीसीचेच ठेवणार आहे. दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.७ मिलिमीटर आहे, परंतु स्ट्रोक (पिस्टनच्या हालचालीची लांबी) ७६ वरून ८७.५ वर नेऊन ते वाढवले गेले. लांब स्ट्रोकमुळे खालचा जोर वाढतो, पण उंच फेऱ्यांना ते इंजिन धडधडते आणि बेअरिंगांवर ताण येतो. छोटे इंजिन फिरायला उत्सुक असते. हलक्या, छप्पर नसलेल्या गाडीत मला तेच हवे आहे.

जुन्या भागांबद्दल सांगायचे तर पुष्कळ भागांवर स्टॅनपार्ट हे स्टँडर्ड-ट्रायम्फच्या सुट्या भागांच्या विभागाचे नाव उठवलेले असते. असा मूळ पत्रा किंवा ब्रॅकेट जर गंजून गेलेला नसेल तर तो बरोबर बसतो, कारण तो याच गाडीवर एकदा बसलेला आहे. नवा भाग पुष्कळदा थोडा ठोकून, थोडा कापून बसवावा लागतो. म्हणून मी ठरवले आहे की नवा भाग हातात येऊन जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय जुना भाग टाकायचा नाही, तो कितीही कुजलेला असो.

---

तांबट (बर्मिंगहॅम)

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर ते काढण्याआधी एक तपासणी करा, कारण इंजिन बाहेर आल्यावर ती इतक्या सहज होत नाही. एकाला क्लच दाबायला बसवा आणि तुम्ही समोरून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुलीकडे पाहा. क्लच दाबला की पुली पुढे सरकते का? ट्रायम्फच्या या इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टला पुढे-मागे रोखणाऱ्या अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशरच्या दोन चकत्या मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात. दर वेळी क्लच दाबला की सगळा रेटा त्यांच्यावर येतो. त्या फार झिजल्या की जागेवरून सुटून खाली तेलाच्या टाकीत पडतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासू लागतो. ब्लॉक एकदा घासला की ते दुरुस्त करणे महागात जाते. मोकळीक ०.००४ ते ०.००८ इंच असायला हवी. डायल गेजने मोजा.

गिअरबॉक्स खालून काढायला जाऊ नका. सीटांमधले गिअरबॉक्सवरचे झाकण सुटे असते, ते काढले की गिअरबॉक्स प्रवाशाच्या बाजूने गाडीच्या आतूनच बाहेर घेता येतो.

---

जुनी हेराल्ड (पुणे)

पुढच्या चाकांच्या ट्रनियनबद्दल मला राहवत नाही म्हणून लिहितो, कारण हा भाग हेराल्डचा आणि स्पिटफायरचा एकच आहे. चाक वळवणारा उभा लोखंडी दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांनी बसलेला असतो, आणि स्टिअरिंग वळवले की तो त्या आट्यांमध्ये फिरतो. त्यात ग्रीस भरायचे नसते, ईपी ९० हे गिअरचे तेल भरायचे असते. आपल्याकडे जिथे-तिथे ग्रीसगन चालवायची सवय होती. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, आत पाणी राहते, दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक बाहेरच्या बाजूला कोलमडते. मी पुण्यात सोलापूर रस्त्यावर एक हेराल्ड अशी बसलेली पाहिली आहे, सुदैवाने ती धीम्या गतीत होती. तुमचे ट्रनियन उघडाल तेव्हा दांड्याचे आटे उजेडात नीट पाहा, आणि खड्डे दिसले तर मूळ भाग जपण्याचा मोह इथे ठेवू नका. डावा आणि उजवा भाग वेगळे असतात, तेही लक्षात असू द्या.

---

रसायनी (ठाणे)

आरोग्याच्या दृष्टीने दोन वाक्ये. त्या काळातल्या रंगात शिसे असू शकते आणि ब्रेकच्या जुन्या अस्तरांत व क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असते, म्हणून रंग कोरडा घासू नका, ब्रेकचे ड्रम उघडल्यावर हवेच्या फवाऱ्याने किंवा तोंडाने फुंकर मारून साफ करू नका, ओल्या फडक्याने पुसून तो फडका पिशवीत बंद करा, आणि योग्य प्रतीचा मास्क वापरा. घरात लहान मुले असतील तर कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदला.

---

मिडलँडकर (कोव्हेंट्री)

पाच आठवड्यांनी लिहितो आहे.

थ्रस्ट वॉशरची तपासणी केली. पत्नी क्लच दाबायला बसली आणि पुली सरकलेली मला उघड्या डोळ्यांनी दिसली. डायल गेजवर मोकळीक ०.०१३ इंच भरली. तेलाची टाकी उघडली तेव्हा चकत्या जागेवरच होत्या, परंतु क्लचच्या रेट्याच्या बाजूच्या चकतीवरचा मऊ धातू जाऊन पोलाद दिसत होते. ब्लॉक वाचला. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही आता बाहेर आहेत, गिअरबॉक्स तांबटदादांनी सांगितल्याप्रमाणे आतून काढला.

गेडनहून प्रमाणपत्र आले. गाडी मूळची फिकट पिवळसर रंगाची, आतून काळी, आणि इंजिनाचा नंबर हा तिचा मूळचाच आहे. रंगाचा निर्णय त्यामुळे माझ्यापुरता झाला.

डावी बाजू. बिजागरीच्या वरच्या पिनेत खेळ होता, तिने फटीतला जवळजवळ एक मिलिमीटर खाल्ला होता. पिन बदलून पुन्हा मोजले आणि मगच जॅक लावला. सव्वा तास लागला, एका वेळी जॅकच्या दांड्याचा पाव फेरा. वरची फट ४ वर आणि कर्णाचा फरक १ मिलिमीटरवर आला. रात्रभर तसेच ठेवले, सकाळी आकडा तोच होता. चौकोनी नळीचे दोन आधार जोडले, एक आडवा आणि एक तिरपा, आणि दार त्यांच्या बाहेरून लागते आहे याची खात्री केली. त्यानंतर स्पॉट वेल्ड एकेक ड्रिलने सोडवून बाहेरचा सिल काढला. आत मधला जोरपत्रा पुढच्या खांबापासून फूटभर अंतरापर्यंत चक्क नव्हता, तिथे गंजाच्या पापुद्र्यांचा ढीग होता, तो मी वजन करून पाहिला, एक किलो तीनशे ग्रॅम भरला. मागच्या अर्ध्या भागात मात्र कारखान्याचे मूळ वेल्ड दिसतात, एकसारख्या अंतरावर, आणि त्यांच्यावर थोडे पिवळसर रंगाचे शिंतोडेही आहेत.

नवा जोरपत्रा बसवून चिमट्यांनी धरला आहे, वेल्ड अजून केलेले नाही. दार लावले. वर ४, खाली ५. दार हाताच्या दोन बोटांनी लागते आणि कुलपाचा आवाज एकच येतो.

तांबटदादा, वेल्ड करण्याआधी एक विचारायचे आहे. आतल्या पत्र्याचा खालचा काठ पुढच्या बाजूला चार इंच पातळ झालेला आहे, बोटाने दाबला तर लवतो, पण भोक नाही. तेवढाच तुकडा कापून बसवावा, की पुढच्या खांबाच्या पायथ्यापर्यंत नवा पत्रा न्यावा? फोटो खाली जोडला आहे.

---

तांबट (बर्मिंगहॅम)

फोटो पाहिला. खांबाच्या पायथ्यापर्यंत न्या. पातळ पत्र्याला वेल्ड लावाल तर त्याच्या काठाने तो जळेल आणि जोड नेमका तिथे येईल जिथे पुढच्या बाजूचा सर्वांत जास्त ताण आहे. १ मिलिमीटरचा पत्रा घ्या, ०.६ मिलिमीटरची वेल्डिंगची तार, आणि सलग रेघ न ओढता एक टिपका इकडे, एक टिपका तिकडे असे करत जा, प्रत्येक टिपक्यानंतर हात लावता येईल इतके गार होऊ द्या. पायथ्याच्या आत वेल्ड करण्याआधी झिंकचा प्रायमर द्या, कारण पेटी बंद झाल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. दर सहा टिपक्यांनंतर दार लावून फट मोजा. मी येत्या रविवारी त्या बाजूला येतो आहे, सकाळी दहाच्या सुमारास चालेल का? माझा स्पॉट वेल्डर सोबत आणतो, खालचा काठ त्याने एका तासात होईल.

---

मिडलँडकर (कोव्हेंट्री)

रविवारी दहा वाजता अवश्य या, जेवायलाच थांबा. तोपर्यंत पायथ्याचा पत्रा कापून, वाकवून, प्रायमर लावून ठेवतो. उजव्या बाजूला हात लावलेला नाही.